माणिकच्या टाचा

नियंत्रण रेषेवरच्या आमच्या पोस्टवर मी चढलो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. सामान खेचरांवर, माणसं पायी. मी हवालदार रंगनाथ, नर्सिंग असिस्टंट, गाव पोखर्णीच्या जवळ, जिल्हा परभणी. डॉक्टरसाहेब खाली बटालियन हेडक्वार्टरला बसायचे, पायी अडीच तासांवर. वर चाळीस माणसांचा जो काय डॉक्टर होता, तो मीच.

परभणीत स्टँडवर चहा घेताना लोक मला हमखास विचारतात, "फौजी, किती उडवले?" मी सांगतो, एक बी न्हाई. मी बावीस वर्षं पाय बघितले. मग हसतात. हसा खुशाल. माझा फौजेतला सगळ्यात मोठा दिवस पायाच्या शिरेचा आहे. व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात ना, त्याचा. तो सांगताना मला अजिबात लाज वाटत नाही, उलट छाती फुगते. आणि त्यात माझ्या दोन चुका आहेत, त्याही सांगणार आहे.

पोस्टवरचा दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारं घेऊन तयार, आठला नाष्टा, मग गस्त, ड्युट्या, संध्याकाळी पाच वाजता फूट इन्स्पेक्शन. सगळे ओळीत बसायचे, बूट काढायचे, मोजे काढायचे. मी एकेक पाय हातात घेऊन बघायचो. बोटं काळी पडलीत का, कातडं सुजलंय का, मोजा ओला आहे का. ओला मोजा सापडला की मी शिव्या द्यायचो, आणि माझ्या शिव्या अस्सल मराठवाडी असल्यामुळं पुण्याकडच्या पोरांना अर्ध्या कळायच्या नाहीत.

लंगरवाले, म्हणजे स्वयंपाकी, या ओळीत नसायचे. पाच वाजता त्यांची रात्रीच्या जेवणाची घाई. पोस्ट कमांडर सुभेदारसाहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "रंगनाथ, लंगर को छोड दो. चूल्हे के पास खडे हैं, उनको कौनसी ठंड लगेगी?" मी "जी साब" म्हणलो. ही पहिली चूक. पाय फक्त थंडीनंच खराब होतो असं मी धरून चाललो.

लंगरात लान्स नायक माणिक होता. पाथरीकडचा. अख्ख्या पोस्टवर परभणी जिल्ह्याचे आम्ही दोघंच, त्यामुळं चारचौघांत तो मला "उस्ताद" म्हणायचा आणि दोघंच असलो की "दादा". त्याचे आईबाप ऊसतोडीला जायचे. माणिक पाचटाच्या कोपीत वाढला, पुढं स्वतः तीन हंगाम कोयता चालवला, डोक्यावर मोळ्या वाहिल्या, आणि मग भरती झाला. दहा-बारा वर्षं झाली, तो चुलीपुढं उभा होता. पहाटे चारला उभा राहिला की रात्री आठलाच बूड टेकायचं. गावाकडून ज्वारीचं पीठ आलं की तो माझ्यासाठी भाकरी थापायचा. स्वतः जेवताना मोजून चार भाकऱ्या. तिसरीला थांबला तर समजायचं, गडी आजारी आहे.

त्याची एक खोड माझ्या लक्षात आली होती. उभ्या उभ्या तो उजव्या बुटानं डावी पोटरी घासायचा. आणि चिखल असो, पाणी असो, पँट कधी वर दुमडायचा नाही. मला वाटलं, सवय असेल.

एक दिवस दुपारी दोन वाजता मी गरम पाण्यासाठी लंगरात गेलो. माणिक मागच्या बाजूला जमिनीवर उताणा पडलेला, दोन्ही पाय पिठाच्या पोत्यांवर टाकलेले. डाव्या पायाची पँट घसरून गुडघ्यापर्यंत आली होती. गुडघ्यापासून घोट्यापर्यंत शिरा वर आलेल्या, निळ्या-हिरव्या, सुंभाचा गुंता पडावा तशा. घोट्याच्या वर कातडं काळं पडलेलं आणि खाजवून खाजवून खरचटलेलं.

"माणिक, हे कधीपासून?"

तो ताडकन उठला. "काय न्हाई दादा. शीर चढलीय."

"पँट वर कर."

"जाऊ द्या की दादा."

"लान्स नायक माणिक, पँट वर कर."

त्यानं केली. उजव्या पायालाही सुरुवात झाली होती. मी विचारत गेलो, तो सांगत गेला. पाच वर्षं झाली. संध्याकाळी पाय शिशासारखे जड होतात, घोटे सुजतात, रात्री पोटरीत गोळे येतात. त्याच्या आईलाही असंच होतं. रजेवर गेला की बायकोपासूनही लपवायचा.

"मी रजिस्टरला लिहितोय. उद्या खाली डॉक्टरकडं."

त्यानं माझा हात धरला. "दादा, पाया पडतो. माझं नायकच्या बढतीच्या कॅडरला नाव लागायलंय. आता मेडिकलची खालची कॅटेगरी लागली तर गेलं सगळं. खाली पाठवतील. गावात काय सांगू? गोळी लागली न्हाई, बर्फ लागला न्हाई, पायाच्या शिरा फुगल्या म्हणून माघारी आलो? बायकांचं दुखणं घिऊन?"

"बायकांचं काय त्यात? उभं राहणाऱ्याचं दुखणं हाय ते."

"आठ दिवस द्या. कंपनी कमांडरसाहेब यायलेत, बडा खाना हाय. तेवढा पार पडू द्या. नवव्या दिवशी मी सोता तुमच्यापुढं चालतो डॉक्टरकडं."

मी आठ दिवस दिले. रजिस्टरला लिहिलं नाही. ही दुसरी चूक, आणि ही पहिलीपेक्षा मोठी. आपल्या जिल्ह्याचा पोरगा, त्यानं हात धरला, मी विरघळलो. नर्सिंग असिस्टंटनं विरघळायचं नसतं.

त्या आठ दिवसांत मला येत होतं ते सगळं केलं. आधी त्याला समजावलं. हृदय रक्त खाली पायात ढकलतं, पण पायातून वर आणायचं काम पोटरीचं. पोटरी म्हणजे हापसा. चाललास, टाच उचललीस की हापसा चालतो आणि रक्त वर चढतं. चुलीपुढं खांबासारखा उभा राहिलास की हापसा बंद. आणि शिरांच्या आत छोटे छोटे पडदे असतात, मोटारीच्या फुटवॉल्व्हसारखे, वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत. वर्षानुवर्षं भार पडून ते निकामी झाले की रक्त उलटं खाली येतं, साचतं, शीर फुगते.

"म्हंजी माझा फुटवॉल्व्ह गेलाय," माणिक म्हणाला.

"गेलाय. नवा मिळत न्हाई. जे हायेत ते सांभाळ."

मग नियम ठरला: दर भाकरीला दहा. एक भाकरी थापून तव्यावर टाकेपर्यंत दहा वेळा टाचा उचलायच्या, खाली टेकवायच्या. दर तासाला लंगराभोवती एक चक्कर. दुपारी वीस मिनिटं पाय छातीपेक्षा उंच. सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी मी बोटांपासून गुडघ्यापर्यंत क्रेप बँडेज बांधायचो, खाली घट्ट, वर जाईल तसं सैल. लंगरातली पोरं खिदळायची, "माणिक भाकरीपुढं नाचायलाय!" माणिक म्हणायचा, "नाचू द्या, तुमाला बी नाचवीन." पाचव्या दिवशी मला म्हणाला, "दादा, घोटा दिसायला लागला की!" सूज उतरली होती. मला वाटलं, जमलं.

आठव्या दिवशी सकाळी सात वीसला फील्ड टेलिफोन वाजला.

"उस्ताद, लंगर से. जल्दी आओ. खून."

मी बॅग उचलली आणि पळालो. माझ्या बंकरपासून लंगर दोनशे पावलं, सगळी चढाची.

माणिक पालथ्या डब्यावर बसला होता. डावा पाय खाली लोंबत होता. घाईत तुपाच्या डब्याची पत्र्याची कडा घोट्याला लागली होती, नेमकी त्या खरचटलेल्या शिरेवर. घाईघाईत त्या दिवशी त्यानं बँडेजही बांधून घेतलं नव्हतं, माझी वाट न बघता तीनलाच उठून कामाला लागला होता. घोट्यातून रक्ताची बारीक धार सरळ येत होती. बूट भरून रक्त पिठात गेलं होतं. आणि गुडघ्याच्या वर त्यानं पोत्याची सुतळी करकचून बांधली होती. बांधून, हातात झारा घेऊन, तो पुऱ्या तळत होता.

"दादा, बांधलंय मी," तो म्हणाला. ओठ पांढरे. "आवळून बांधलंय. थांबंल आता. एवढा घाणा काढतो."

आमच्याकडं रानात पायाला काही झालं की पहिल्यांदा वरून आवळायचं. साप चावला, आवळ. कोयता लागला, आवळ. माणिकनं लहानपणापासून तेच बघितलं होतं. पण फुगलेल्या शिरेतलं रक्त वर निघालेलं असतं. वरून आवळलं की त्याची वर जायची वाट बंद होते आणि ते सगळं भोकातून बाहेर येतं. त्यात पाय खाली लोंबता. गडी स्वतःच्या हातानं स्वतःला रिकामा करत होता, आणि वरून पुऱ्या तळत होता!

"झारा सोड."

"दादा, पुऱ्या जळतील..."

"झारा सोड! आडवा हो!"

मी त्याला खांद्याला धरून जमिनीवर आडवा केला, पिठातच. चाकूनं सुतळी कापली. लंगरातला एक जण ओरडला, "उस्ताद, दोरी कशाला कापायलाव? मरंल की तो!" मी त्याच्याकडं बघितलंही नाही. माणिकचा पाय माझ्या खांद्यावर घेतला, शेल ड्रेसिंगची जाड घडी जखमेवर ठेवली आणि तळहातानं दाबलं. जोर लावून, एकाच जागी.

"घड्याळ बघ," मी ओरडणाऱ्यालाच सांगितलं. "पंधरा मिनिटं. मदी मला काढून बघू देऊ नको."

दोन मिनिटांत बोटांना कळलं, धार मेली. तरी हात उचलला नाही. लोक इथंच फसतात. थांबलं का बघायला म्हणून सारखं उचलतात, आणि नुकतीच धरलेली खपली निघते. सिग्नलवाला रेडिओ घेऊन आला, त्यानं हँडसेट माझ्या तोंडाला लावला. पलीकडं डॉक्टरसाहेब.

"बोलो रंगनाथ. ओव्हर."

"व्हेरिकोज ब्लीड, साब. लेफ्ट अँकल. लिटाया है, पैर ऊपर, डायरेक्ट प्रेशर. पल्स एक सौ तीस. ओव्हर."

"पैर बांधा तो नहीं? ओव्हर."

"बांधा था, साब. मैंने काट दिया. ओव्हर."

"शाबाश. पैर ऊपर रखके नीचे लाओ. मैं ऊपर चल रहा हूं, रास्ते में मिलेंगे. ये नसें पहले से थीं? ओव्हर."

माणिक माझ्याकडं बघत होता. मान हलवून 'नको' म्हणत होता.

"थीं, साब. मुझे आठ दिन से पता था. लिखा नहीं. ओव्हर."

खरखरीतून आवाज आला, "पहले उसको नीचे लाओ. आउट."

घड्याळवाल्यानं पंधरा मिनिटं सांगितली. रक्त थांबलेलं होतं. मी वर जाड पॅड ठेवून बँडेज बांधलं. आठ वाजून पाच मिनिटांनी स्ट्रेचर निघालं, पायाकडची बाजू उंच. उतारावर पायाकडचे दोघं मागं ठेवले, म्हणजे पाय आपोआप वर राहतात. माणिक थरथरत होता. मी कांबळं टाकलं. डोळे मिटले की बोलतं करायचो.

"माणिक, बोलत राहा. बायकोचं नाव?"

"सुनंदा."

"गाव?"

"तुमाला ठाव हाय की." मग, "दादा, तेल उतरवलं का चुलीवरून?"

"उतरवलं रे बाबा!"

नऊ चाळीसला डॉक्टरसाहेब वाटेत भेटले. त्यांनी तिथंच, दगडावर बसून सलाईन लावलं. अकराच्या सुमारास हेलिकॉप्टर त्याला घेऊन गेलं. त्या दुपारी वर पोस्टवर बडा खाना झाला. पुऱ्या सुभेदारसाहेबांनी स्वतः तळल्या आणि निम्म्या जाळल्या असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडरसाहेबांनी मला समोर उभं केलं. म्हणाले, "रजिस्टर में लिखते तो ये नौबत आती?"

"नहीं, साब."

शिक्षा मिळाली, ती मी भोगली. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्या दिवसापासून पोस्टवर फूट इन्स्पेक्शन लंगरापासून सुरू व्हायचं, दुपारी तीनला.

मिलिटरी हॉस्पिटलात माणिकच्या पायाची डॉपलर सोनोग्राफी झाली. कुठले पडदे गेलेत ते दिसलं. सुईएवढ्या भोकातून लेझरची तार घालून खराब शीर आतूनच बंद केली. मोठी चिरफाड नाही, त्याच दिवशी त्याला चालवलं. शीर बंद केली तर रक्त जाणार कुठून, असं मला गावात विचारतात. खोल आत दुसऱ्या शिरा असतात, मुख्य काम त्याच करतात. काही महिने त्याला खालची कॅटेगरी लागली, घट्ट स्टॉकिंग घालायला दिले, डेपोत हलकं काम. ज्याला तो एवढा घाबरला होता ते एवढंच होतं. मग मेडिकल बोर्ड झालं आणि गडी शेप वन, म्हणजे पूर्ण फिट, होऊन परत आला. हेडक्वार्टरपासून पोस्टवर पायी चढला. आल्या आल्या म्हणाला, "दादा, दोन तास वीस मिनिटं. लिहा रजिस्टरला!"

मी खरंच लिहिलं. माझ्या हस्ताक्षरातली ती ओळ अजून त्या रजिस्टरात असेल. आख्खी पोस्ट टाळ्या वाजवत होती. सेन्ट्री ड्युटीवरची पोरंही आता मोर्चात, म्हणजे पहाऱ्याच्या खंदकात, उभ्या उभ्या टाचा उचलायची. त्या कवायतीला पोस्टवर नाव पडलं होतं, माणिकच्या टाचा. एकदा खालचा पंजाबी ड्रायव्हर वर आला होता, तो म्हणाला, "ये कौनसी पीटी है?" पोरं म्हणाली, "परभणी पीटी, पाजी." माझी मान एक वीत वर गेली.

पुढच्या हिवाळ्याच्या आधी माणिकनं एक हट्ट धरला. आमच्या वर तासाभराच्या चढावर एक पिकेट होतं, सात माणसांची छोटी चौकी. त्यांना डबाबंद जेवण. माणिक म्हणाला, "पाय बरा झालाय. पोरांना गरम खाऊ घालतो." सुभेदारसाहेब म्हणाले, नर्सिंग असिस्टंटनं फिट म्हणलं तर जा. मी त्याचा पाय तपासला. शिरा बसलेल्या, कातडं भरलेलं, सूज नाही. रजिस्टरला लिहिलं, फिट. खाली सही केली. यावेळी सगळं नियमानं.

दर दोन दिवसांनी तो जायचा. सहा-सात फेऱ्या झाल्या. त्या दिवशी साडेदहाला निघाला, बरोबर एक जवान. अकरा चाळीसला वरून रेडिओ आला, "गरम खाना पहुंच गया. माणिक को हमारी तरफ से शाबाशी. ओव्हर." बारा पंचवीसला पलीकडून गोळे सुरू झाले. बारा चाळीसला दुसरा संदेश आला. "लंगर पार्टी पर गोला. एक कॅज्युअल्टी."

मी वर पळालो. बरोबरच्या जवानाला खरचटलं होतं. माणिक उतारावर पडला होता, पाठीवर रिकामा डबा. जखम छातीला होती. मी पोचलो तेव्हा माझ्या करण्यासारखं काही उरलं नव्हतं. पाय दोन्ही धड होते. डाव्या पायातला स्टॉकिंग गुडघ्यापर्यंत नीट चढवलेला होता. मी तिथं बसून रडलो. कुणी बघितलं असेल तर बघितलं.

त्याला घेऊन मीच गावी आलो. त्या गर्दीत सुनंदावहिनींशी एक शब्द बोलता आला नाही. नंतरची वर्षं रजेवर आलो की जायचं ठरवायचो आणि पाथरीची एसटी सोडून द्यायचो. रजिस्टरातली ती सही मला खायची.

रिटायर झालो, तेव्हा गेलो. पाथरीहून जीपनं त्यांच्या गावात. वहिनी शाळेत पोरांची खिचडी शिजवत होत्या. अकरा वाजलेले, मोठं पातेलं चुलीवर, वहिनी उभ्या. मी दारातून बघितलं आणि थांबलो. उजव्या पायानं त्या डावी पोटरी घासत होत्या.

चहा दिला, ख्यालीखुशाली झाली. मग मी विचारलं, "वहिनी, पाय दुखतो का?"

"न्हाई."

"संध्याकाळी सुजतो?"

"दादा, बायामाणसाचा पाय काय बघायलाव?" त्यांनी पदर सावरला आणि पातेल्यात पळी फिरवायला लागल्या.

मी डब्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. आठ दिवस लपवलेलं, सुतळी, पुऱ्या, स्ट्रेचर, दर भाकरीला दहा. आणि शेवटी ते सांगितलं जे सांगायला इतकी वर्षं लागली होती. "वहिनी, फिट म्हणून सही मी केली. पाय बरा नसता झाला तर माणिक लंगरातच राहिला असता. आज असता."

वहिनी पळी फिरवत राहिल्या. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तरी मी काही बोललो नसतो.

"वरची पोरं," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी जेवली होती का?"

"जेवली. वरण-भात, बटाट्याची भाजी. गरम."

"सगळी?"

"सातच्या सात."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. "मग तुमी कशापायी जळायलाव इतकी वर्सं? मी त्यांच्या पायाकडं बघून रडायचे दादा. ते लपवायचे, पर मला दिसत व्हतं. लंगडत जातील ह्याचंच भ्या वाटायचं. लंगडत न्हाई गेले. चांगल्या पायानं चढून गेले, पोरं जेवू घातली. तुमी केलं ते. लय मोठं केलं."

मग त्यांनी दुसरा डबा ओढला, बसल्या, आणि लुगड्याचा काठ घोट्याच्या वर केला. "बघा."

शिरा तशाच. घोट्याच्या वर काळं कातडं, आणि त्यात रुपयाएवढी जखम. हळद भरलेली, वरून फडक्याची चिंधी करकचून आवळलेली. सहा महिने भरत नव्हती. त्या जखमेवर सहा महिने त्या रोज शंभर पोरांची खिचडी करत होत्या.

मी आधी ती चिंधी सोडली. दुसऱ्या दिवशी त्यांना परभणीला डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी पायाला रक्त नीट खाली येतंय ना ते आधी तपासलं, कारण ते येत नसेल तर घट्ट पट्टीनं नुकसान होतं. म्हणून मी सगळ्यांना सांगतो, दुकानातून मनानं स्टॉकिंग आणून घालू नका. मग डॉपलर, थराथरांची पट्टी, आठवड्याला ड्रेसिंग. जखम भरायला तीन महिने लागले. पुढं लेझर झालं. आता वहिनी सकाळी अंथरुणातून उतरायच्या आधी स्टॉकिंग घालतात, आणि खिचडी ढवळताना टाचा उचलतात.

पुढं काम वहिनींनीच वाढवलं. टोळ्या ऊसतोडीला निघायच्या आधी त्या बायकांना शाळेच्या ओट्यावर गोळा करतात आणि मला बोलावतात. पुरुष मागं उभे राहून ऐकत नाहीत असं दाखवतात आणि सगळं ऐकतात. मी हापसा सांगतो, फुटवॉल्व्ह सांगतो. शिरेतून रक्त आलं तर आडवं पडा, पाय वर, जखमेवर दाबा, वरून काही आवळू नका. एकच पोटरी अचानक सुजली, गरम झाली, ठणकायला लागली, तर तिला चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा, दम लागत असेल तर एक मिनिट थांबू नका. सांगताना मी शिव्याही देतो. वहिनी म्हणतात, "दादा, बाया हायेत." मी म्हणतो, पायाला काय बाई आणि काय गडी?

गेल्या वेळी माणिकच्या पुण्यतिथीला सकाळी नऊला शाळेत गाव जमलं. फोटोला हार घातला. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं होतं. हुकूम द्यायचा मान दरवर्षी माझा असतो.

"सावधान!"

सगळे ताठ झाले. पहिल्या ओळीत वहिनी, पायात स्टॉकिंग. त्यांच्या मागं टोळीच्या पंधरा-वीस बाया. थोड्या वेळानं मला दिसलं, वहिनींच्या टाचा वर जातायत, खाली येतायत. नजर फोटोवर, हात बाजूला, फक्त टाचा. मागच्या बाईनं बघितलं, तिनं सुरू केलं. मग तिच्या शेजारची. मग आख्खी ओळ. आवाज कुठलाच नाही, नुसत्या चपलांचा.

सावधानमध्ये टाच हलली तर मी बावीस वर्षं पोरांना पळवलंय. मी फोटोकडं बघितलं, आणि माझीही टाच उचलली.

दोन मिनिटं झाली. "विश्राम," मी म्हणलो.

वहिनी वळल्या. "किती झाल्या दादा?"

"मोजल्या न्हाईत वहिनी."

"मी मोजल्या," त्या म्हणाल्या. "चाळीस. त्यांच्या चार भाकऱ्या झाल्या."